उंबऱ्यावरून काढलेला फोटो

“फोटूवाले सेक्रेटरी हितंच ऱ्हातेत का?” असं दारातून कुणीतरी विचारलं तेव्हा माझ्या अर्ध्या गालावर साबण होता. हात हलला आणि कानाखाली पातं लागलं. अकरा वर्षांत या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. उस्मानाबादच्या या गल्लीत मी साहेब आहे. सहकार खात्यात नोकरी, सायकलवर जाणं-येणं, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. माझ्याकडे कधीकाळी कॅमेरा होता हे माझ्या बायकोलाही धड माहीत नाही. ती सकाळच्या शाळेवर शिकवायला गेलेली. मी टॉवेलानं तोंड पुसत बाहेर आलो. दारात तिशीच्या आतबाहेरची एक बाई उभी होती, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, काखेत पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. चपला तिनं पायरीखालीच काढल्या होत्या. ते चौकोनी काय आहे हे ती बोलायच्या आधीच मला कळलं.

“वळखलं न्हाई का दादा? म्या इरम्मा. शरणबसप्पाची लेक.”

“ओळखलं की. आत या.”

“नको, पाय लई मळल्यात. ष्ट्यांडापस्नं चालत आले. हितनंच सांगते.”

हितनंच. हा शब्द मी तिच्या घरी, तिच्याच तोंडावर एकदा वापरला होता. तिला तो आठवत असेल असं वाटत नाही, पण मला वाटून गेलं की अकरा वर्षं सांभाळून ठेवून तिनं तो आज परत आणून दिलाय. माझं मन हे असं आहे. समोरचा माणूस पाय मळलेत म्हणतो आणि मी त्यात दुसरंच काही शोधत बसतो. तिनं पंचा सोडला आणि चौकट माझ्यापुढे धरली. काच स्वच्छ होती, रोज पुसलेली. आतला फोटो मात्र गेला होता. मातीची भिंत, दोन्ही बाजूंना घरची चार माणसं, मधोमध बसवलेली तिची आई, सगळ्याचा मिळून चहा सांडल्यासारखा एकच पिवळा डाग झाला होता. त्या डागाच्या मधे एक पांढुरका ठिपका, आणि त्यात दोन डोळे. काळेभोर, काल काढल्यासारखे ताजे. ते माझ्याकडे बघत होते. मी नजर काढून तिच्या पायांकडे पाहिलं. पाय खरंच मळले होते.

“आप्पा गेले, गेल्या महिन्यात,” ती म्हणाली. “त्यांचा उमरग्याला काढल्याला रंगीत फोटू हाय. त्यो हिच्या शेजारी लावला तर भाऊ म्हणले, ह्यात काय ऱ्हायलंय आता, नदीत सोडून दिऊ. येत्या सोमवारी घरला पूजेला जंगम येणारेत, दोघं शेजारी पायजेत. तुमच्याकडं काच आसंल की. काचंवरनं दुसरा काढून द्या.” आमच्याकडे निगेटिव्हला काचच म्हणतात. मग अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, “दादा, मला अव्वाचं तोंड आठवंना झालंय. डोळं मिटून बघते तर हे दोन डोळंच दिसतेत. बाकी काय बी न्हाई.”

“काच आता कुठली,” मी म्हणालो. “बदल्या झाल्या, किती घरं बदलली. बघतो, पण भरवसा नाही.” काच माझ्यापासून सहा फुटांवर होती, खाटेखालच्या ट्रंकेत, चहाच्या डब्यात, बटरपेपरात गुंडाळलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती पायरीवर बसली, चौकट मांडीवर घेऊन. मी चहा टाकतो म्हणालो आणि आत सटकलो.

मी स्टोव्हला पंप मारू लागलो. अकरा वर्षांपूर्वी चोवीस वर्षांचा होतो मी. सास्तूरच्या अलीकडच्या आमच्या गावात सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे एक खोली, एक टेबल, मागं खताचं गोदाम. बौद्ध वस्तीतला पहिला मॅट्रिक आणि पहिला पगारदार. आणि मला शौक कशाचा, तर फोटोचा. सोलापूरला एका मोडीत निघालेल्या स्टुडिओतून मी डबा कॅमेरा आणला होता. काळा, चौकोनी, आतून थोडा गंजलेला. आठ फोटोंचा रोल. वर अंगठ्याच्या नखाएवढी काच, तिच्यात जग डावं-उजवं फिरून दिसायचं. उजेड असला तर खटका दाबायचा, उजेड नसला तर खटका धरून ठेवून आकडे मोजायचे, एवढंच काय ते यंत्र. पाऊस दोन वर्षं नव्हता, विहिरींच्या तळाला भेगा पडल्या होत्या, सगळं गाव खडी फोडायला रस्त्यावर, आणि हा पठ्ठ्या गळ्यात डबा अडकवून फिरतोय. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच, असं वस्तीतले लोक म्हणायचे आणि हसायचे. मला ते आवडायचं. माझ्या आईचा, सरुबाईचा, एकही फोटो नव्हता. मी बारा वर्षांचा असताना ती गेली. कॅमेरा घेतला तेव्हा मी स्वतःला काय काय सांगितलं असेल ते असो, पण मुळात तेच होतं. माणसं जातात आणि भिंत कोरी राहते याची मला चीड होती.

खडीच्या कामावर शिवम्माही होती. इरम्माची आई, शरणबसप्पाची बायको. शरणबसप्पा सोसायटीचे पंच, गावातलं मानाचं लिंगायत घर, पण त्या साली मानाला कुणी विचारत नव्हतं. ज्या ढिगावर आमच्या वस्तीतल्या बाया बसायच्या त्याच ढिगावर तीही बसायची, डोक्यावर पदर, हातात हातोडा. एके दुपारी मी तिथून चाललो होतो तर ती म्हणाली, “मच्छिंद्रा, माजा काड की रं एक. फोटूत बसून बघितलंच न्हाई कधी.” मी म्हणालो, “काकू, रोल संपलाय.” रोल संपला नव्हता. तीन फोटो शिल्लक होते, पण दुसऱ्या दिवशी कामावर कुणी मोठा अधिकारी येणार होता आणि मला त्याच्यासाठी राखून ठेवायचे होते. अधिकारी आला, मी दोन फोटो काढले, त्यानं वळूनही बघितलं नाही. ती भर उन्हात उजेडात बसली होती, डबा कॅमेऱ्याला लागतो तसल्या उजेडात, आणि माझ्याकडे बघून हसत होती. हसत होती हे मला आठवतं. हसताना कशी दिसत होती ते आठवत नाही.

त्यानंतर आठ दिवसांनी तिला ऊन लागलं. संध्याकाळी गेली. सकाळी शरणबसप्पांचा गडी, कोंडिबा, मला बोलवायला आला, कॅमेरा घेऊन ये म्हणाला. लिंगायतांत मेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. आंघोळ घालतात, विभूती लावतात, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात, आणि मातीतही तसंच बसवून ठेवतात. ज्यांना जमतं ते या बसलेल्या माणसाशेजारी घरच्यांना उभं करून फोटो काढून घेतात. बऱ्याच घरांत माणसाचा पहिला फोटो तोच असतो आणि शेवटचाही. त्या दिवशी तिला एका घागरीत आंघोळ घातली होती. फुलं मिळाली नव्हती, वाळक्या बेलाच्या पानांची माळ होती. हनुवटी पांढऱ्या पट्टीनं बांधलेली. माळवदाचं जुनं घर, खिडकी नाही, एकच दार, तेही पूर्वेला. सूर्य नुकता वर आला होता आणि दारातून उजेडाचा पट्टा सरळ आत जाऊन तिच्या अंगावर पडला होता. इतका सुंदर उजेड त्या डब्याच्या नशिबात दुसऱ्यांदा आला नाही.

मी उंबऱ्याशी आलो आणि थांबलो. या उंबऱ्याबाहेर, मी पाच-सहा वर्षांचा असताना, माझी आई पदर पसरून उभी राहायची. शिवम्मा आतून यायची आणि पदरात भाकर टाकायची. शिवम्मा वाईट नव्हती. वरून टाकायची, पण ऊन भाकर टाकायची. मग आम्ही धर्म बदलला, आईनं ते दार सोडलं. मी शिकलो, सेक्रेटरी झालो, तिच्याच नवऱ्याच्या सह्या घ्यायला त्याच घरी जाऊ लागलो. बाहेरच्या ओट्यावर बसायचो. कोनाड्यात माझ्यासाठी एक कान तुटलेली कपबशी पालथी घातलेली असायची, चहा पिऊन मीच ती विसळायची आणि पुन्हा पालथी घालायची. कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. त्यामुळे भांडायलाही काही हाती लागत नव्हतं.

“आत या की दादा,” इरम्मा म्हणाली. सतरा वर्षांची होती, रडून डोळे सुजलेले, तरी तिचं बरोबर लक्ष होतं. “तुमीच उजेडाला आडवं आलाव.” शरणबसप्पा प्रेताच्या डाव्या अंगाला बसले होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि हात जरासा हलवला. तो हात ये म्हणून हलला की थांब म्हणून, हे मी अकरा वर्षं ठरवतोय. त्या वेळी मात्र मी क्षणात ठरवून टाकलं. “हितनंच चांगला येतो,” मी म्हणालो. कोंडिबाकडून धान्य मापायची पायली मागून घेतली, ती उंबऱ्याबाहेर पालथी घातली, तिच्यावर कॅमेरा ठेवला आणि मागे उकिडवा बसलो. माझी सावली लांब होऊन आत गेली आणि बरोबर तिच्या तोंडावर पडली. वरच्या काचेत मला ती दिसत होती. नखाएवढ्या चित्रात माळ दिसत होती, पट्टी दिसत होती, मांडीवरचा हात दिसत होता, आणि तोंडाच्या जागी काळं. फोटो काढणाऱ्याला हे कळतं. दोन पावलं आत जाऊन बाजूला बसलो असतो तर उजेड मोकळा झाला असता. मी खटका ओढला आणि बारापर्यंत आकडे मोजले. माझ्या आज्याची सावली या माणसांवर पडू नये म्हणून तो सकाळच्या वेळी रस्त्याच्या कडेनं, अंग चोरून चालायचा, असं आई सांगायची. आणि माझी सावली त्या घरात, त्या बाईच्या कपाळावर, बारा आकडे बसून राहिली होती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सातव्या-आठव्या आकड्याच्या सुमारास मला अगदी मनापासून बरं वाटलं. आणि तो रोलमधला शेवटचा फोटो होता.

त्या दिवशी दुपारी त्यांनी माझ्याकडे पाण्याची एक कळशी पाठवली. फोटो धुवायला पाणी लागतं हे मी कधीतरी बोललो असेन, इरम्मानं ते लक्षात ठेवलं होतं. माणशी एक तांब्या पाणी मिळायचं तेव्हाची ही कळशी. कोंडिबानं ती आमच्या दारात आणून ठेवली तेव्हा वस्तीतली सगळी पोरं-बाया भोवती जमल्या. आमचा आड कोरडा होता, टँकर दोन दिवसांनी यायचा. फोटो केमिकलमधून काढल्यावर अर्धा तास वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, नाहीतर ते केमिकल आत राहून फोटो हळूहळू खातं. अर्धा तास वाहतं पाणी! वडील माझ्या तोंडाकडे बघत होते. मी कळशी उचलली आणि माठात ओतली, बुडाशी चार तांबे ठेवून. त्यातला एक तांब्या शेजारच्या कडूबाईनं तिच्या तान्ह्यासाठी नेला. उरलेल्या तीन तांब्यांत मी ते सगळं उरकलं. मेलेल्या बाईला धुवायचं पाणी आम्ही प्यालो. त्यात मला आजही काही चुकलं असं वाटत नाही, पण फोटो पिवळा पडला तो त्यामुळं, आणि लोकांना कारण म्हणून सांगायला हे बरं होतं. पाणी नव्हतं. दुष्काळ होता. सगळ्यांना पटतं.

खताचं गोदाम हीच माझी अंधारखोली. युरियाच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं. पत्र्याला एक भोक होतं. बाहेर आरसा तिरका लावून उन्हाचा झोत त्या भोकातून आत घ्यायचा, भोकाला कॅमेऱ्याची पाठ भिडवायची, तिच्यात निगेटिव्ह, पुढे एक भिंग, आणि समोरच्या भिंतीवर कागद, की झाला फोटो वहीच्या पानाएवढा. निगेटिव्ह धुऊन झाल्यावर मी दारात येऊन उन्हाला धरली. भिंत आली होती. माणसं हलली होती, बारा आकडे रडणारं माणूस स्थिर कसं राहणार. ती मात्र स्थिर होती. माळेतलं पान न् पान आलं होतं. आणि तोंडाच्या जागी काहीच नव्हतं. सावलीनं फिल्मवर काही उमटूच दिलं नव्हतं. कोरी, पाण्यासारखी आरपार जागा. कागदावर ते तोंड काळं ठिक्कर येणार. मी गोदामात खताच्या पोत्यावर बसलो. उठून त्यांच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं. पण काय सांगायचं? आणि सांगितलं असतं तरी एव्हाना तिला मातीत बसवून झालं होतं. मी तारेला पुठ्ठ्याची टिकली लावली आणि झोत चालू असताना तोंडावर धरली, म्हणजे तेवढा कागद पांढरा राहिला. कागद वाळल्यावर त्या पांढऱ्यावर मी तोंड काढलं. नाक, ओठ, गालाची कड सोसायटीच्या जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं, हलक्या हातानं. डोळ्यांना काळी शाई घेतली. स्टुडिओवालेसुद्धा मेलेल्या माणसाच्या फोटोत उघडे डोळे काढून देतात, मी सोलापूरला बघितलं होतं. टाक हातात घेतला आणि शिवम्माचे डोळे आठवू लागलो. आठवेनात. कॅमेऱ्यावरून मी मान वर केलीच नव्हती. जे डोळे माझ्या हाताला येत होते ते मला लहानपणापासून पाठ होते. बाहेरच्या कोपऱ्याला किंचित उतरलेले, डावा उजव्यापेक्षा बारीक. मी ते काढले. काढताना मला कळत होतं मी काय करतोय. फोटो वाळला, चौकटीत बसला, आणि सरुबाईचे डोळे त्या उंबऱ्याच्या आत जाऊन देवघराशेजारच्या भिंतीवर टांगले गेले. त्यानंतर मी कॅमेऱ्यात रोल भरला नाही.

चहा उतू गेला. मी फडक्यानं स्टोव्ह पुसला, दोन कप भरले. कोणता कप तिला द्यायचा याचा मी एक क्षण विचार केला आणि मग त्या विचाराचीच लाज वाटली. दोन्ही कप सारखेच होते. बाहेर येऊन तिच्या हातात दिला. तिनं फुंकर घालून घालून तो शेवटच्या घोटापर्यंत प्याला आणि पदरानं तोंड पुसलं.

“सोमवारपत्तूर हुईल का?” ती म्हणाली. “न्हाई झालं तर भाऊ सोडून देतेत बघा नदीत. मंग माज्याकडं तिचं काय ऱ्हातंय?”

मी आत गेलो आणि ट्रंक ओढली. एवढा वेळ मी काय काय योजत होतो: आठ दिवसांनी या सांगावं, पत्र पाठवावं, काच सापडली नाही म्हणून. तिच्या त्या शेवटच्या प्रश्नानं ते सगळं फुकट गेलं. चहाच्या डब्यातून बटरपेपर काढला.

“आत या,” मी म्हणालो. “हे उजेडाला धरून बघावं लागतं. उजेड खिडकीत आहे.”

तिनं पाय पायपुसण्यावर घासले, आत आली आणि चौकट खाटेवर ठेवली. मी निगेटिव्ह तिच्या हातात दिली, कडेला कशी धरायची ते दाखवलं. यात काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं, हेही सांगितलं. ती बराच वेळ खिडकीशी उभी राहून बघत होती. “ही माळ. हे आप्पा. ह्या कडंला म्याच आसंल, हालले की वं म्या.” मग निगेटिव्ह तिनं जवळ घेतली, लांब धरली. “दादा, तोंडाच्या जाग्याला मला समोरचा लिंब दिसलालाय.”

“तिथं काही उमटलं नाही. माझी सावली पडली होती.”

“मंग हे डोळं?”

“मी काढले. शाईनं.”

“अव्वाचं बघून?”

हो म्हणालो असतो तर ती गेली असती. एका शब्दाचं काम होतं. पण एवढा वेळ तिच्या मांडीवरून ते डोळे माझ्याकडे बघत होते, आणि आता ते माझ्याच खाटेवर पडून छताकडे बघत होते. “नाही,” मी म्हणालो. “ते माझ्या आईचे आहेत. सरुबाईचे.”

ती खाटेच्या कडेला बसली. चौकट उचलून घेतली. मला वाटलं आता ती ओरडेल, शिव्या देईल, निदान चौकट हातातून खाली तरी ठेवेल. तिनं काचेवर पडलेला धुळीचा कण बोटानं काढला, रोजच्या सवयीनं. “गावातच दिली मला, म्या रोज येऊन हिच्यापुढं दिवा लावला,” ती म्हणाली. “लगीन ठरलं तवा हिला सांगितलं. लेक झाली तर पयल्यांदा हिच्या पायावर घातली.” मग एकदम मान वर करून म्हणाली, “मंग माजी अव्वा कुटं गेली? तुमी बघितलं हुतं की तिला. समोर बसून बघितलं हुतं. कशी दिसत हुती, सांगा.”

मी सांगायला तोंड उघडलं. माळ आठवली. पट्टी आठवली, तिची कानामागची गाठ आठवली. तळहातावरचं लिंग, नखांत गेलेली खडीची पांढरी धूळ. त्या नखाएवढ्या काचेत जे जे मावलं होतं ते सगळं होतं आणि त्याच्या मधोमध काळं. “विभूती ठळक होती,” मी म्हणालो.

“आत का आला न्हाईत तवा?” तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, तो असता तर सोपं गेलं असतं. “म्या म्हणलं हुतं की.”

“तुमच्या आप्पांनी हात केला. थांब म्हणून.”

“आप्पा सरकून बसले हुते,” ती म्हणाली. “तुमाला जागा कराया. मातीवरनं आल्यावर म्हणले बी, त्यो मच्छिंद्र आत आला न्हाई, उजेडाचं वाटुळं झालं.”

हे खरं असेल. किंवा बाप मेल्यावर लेकी बापाला जसं आठवतात तसंही असेल. कान तुटलेली कपबशी तर खरी होती, ती मी स्वतः विसळलेली आहे. पण त्या दिवशीचा तो हात कशासाठी हलला हे सांगणारा माणूस गेल्या महिन्यात गेला, आणि तो असतानाची अकरा वर्षं मी त्याला विचारलं नव्हतं. मी खिडकीबाहेरच्या लिंबाकडे बघत उभा राहिलो.

मागे खिळ्यांचा आवाज झाला. तिनं चौकट पालथी घालून मागचे बारीक खिळे नखानं वाकवले होते. पुठ्ठा काढला, फोटो काढला, आणि दोन्ही हातांत धरून माझ्यापुढे केला. “ही तुमची हाय. तुमी ठिवा.”

“आणि सोमवारी?”

“ही लावते.” तिनं निगेटिव्ह चौकटीत काचेला टेकवून ठेवली. एवढ्या मोठ्या काचेखाली ती बोटभर चिठ्ठीसारखी दिसत होती.

“त्यात तोंड नाही, इरम्मा. भिंतीवर लावली तर काहीसुद्धा दिसणार नाही.”

“न्हाई दिसना,” ती म्हणाली. “बसली तर तीच हाय न्हवं तितं?”

तिनं निगेटिव्ह परत काढून बटरपेपरात घातली, पेपर पदराच्या गाठीत बांधला, रिकामी चौकट पंच्यात गुंडाळली. जाते म्हणाली. पायरीखाली चपला घालताना तिनं एकदा वळून माझ्या कानाखाली बघितलं आणि म्हणाली, “रगत यायलंय बघा, हळद लावा.” मी तिला स्टँडपर्यंत सोडायला जायला हवं होतं. ऊन चढलं होतं, वाट लांब होती. मी दारापर्यंत आलो आणि तिथंच राहिलो.

गल्लीच्या टोकाला ती थांबली. पदराची गाठ सोडली, पेपर उघडला आणि निगेटिव्ह सूर्याला धरली. सायकलवाले तिला वळसा घालून जात होते. ती तशीच मान वर करून उभी होती, मग गाठ मारून कोपऱ्यावरून वळली. माझ्या हातात फोटो होता. काचेबाहेर काढल्यावर तो आणखीच पिवळा दिसत होता. कॉपिंग पेन्सिलीचं नाक आणि ओठ केव्हाच उडून गेले होते, नुसते डोळे राहिले होते, बाहेरच्या कोपऱ्याला उतरलेले, डावा बारीक. मी उंबऱ्यावर उभा राहून त्यांच्याखाली आईचं नाक आठवू लागलो. मग ओठ. बराच वेळ आठवत होतो.